रिकाम्या पाइपांतली नदी

प्रथम दिनांक आणि जबाबदार व्यक्ती.

पोंगलच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. येथील, म्हणजे चेन्नईतील, एका सरकारी संस्थेच्या भांडार पडताळणी समितीने माझा एक पाइप खिडकीशी नेऊन उघडला. जबाबदार: समितीचे अध्यक्ष, ज्यांनी हुकूम दिला, सदस्य, ज्यांनी तो पाळला, आणि भांडार अधिकारी, ज्यांनी पाइपावरची सूचना वाचूनही हे सर्व होऊ दिले.

होळी. हा सण ह्या शहरात जॉर्ज टाउनच्या काही गल्ल्या सोडल्या तर कोणाच्या गावीही नसतो, त्यामुळे कार्यालय चालू होते. त्या दिवशी माझे सर्व पाइप भंगार म्हणून लिलावात गेले. यादीतील वर्णन: ‘रिकामे लोखंडी पाइप, निरुपयोगी’. जबाबदार: वरील सर्व, आणि शिवाय लेखा विभाग.

तमिळ नववर्षाचा दुसरा दिवस. माझ्या सविस्तर पत्राला एका ओळीचे उत्तर आले: ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ जबाबदार: संचालक.

तमिळ आडी महिन्यातला, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराचा, पहिला शुक्रवार. ह्या दिवशी जे घडले त्याला जबाबदार असलेल्या गृहस्थांचा मी ऋणी आहे. त्यांचा उल्लेख यथास्थित येईल.

तारखा आकड्यांत नाहीत आणि नावांच्या जागी हुद्दे आहेत, ह्याचे कारण मी नव्हे. येथील मराठी मंडळाच्या ह्या अंकाच्या संपादकांनी आपल्या परिचयाच्या वकिलांना माझा पहिला मसुदा दाखवला, आणि वकिलांनी तो वाचून पाणी मागितले असे मला कळले. तेव्हा सण आणि हुद्दे ह्यांवर तडजोड झाली. तडजोड मला मान्य आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते स्वतःला ओळखतील.

मी चिडणारा माणूस आहे, हे अड्यारमधल्या आमच्या इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचा टँकर उशिरा आला की सोसायटीचे सचिव माझ्या पत्राची वाट पाहू लागतात. माझी पत्नी मालती म्हणते, “तुम्हाला राग येत नाही. तुम्ही तो दाखल करता.” ह्या लेखातही राग दाखल आहे. पण तो आता पूर्वीसारखा छातीत बसत नाही. गेल्या काही महिन्यांपासून मला दुपारी झोप लागते, आणि सेवानिवृत्तीनंतर हे प्रथमच घडते आहे. ते का, हेच सांगायचे आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण ह्या शहरात मोटारींच्या कारखान्यांत, बँकांत, रेल्वेत नाहीतर संगणकापुढे काम करण्यासाठी आलात. तुमचे काम काय, हे पाहुण्यांना एका वाक्यात सांगता येते. मला ते कधी जमले नाही. केंद्र सरकारच्या भूजलविषयक एका खात्यात मी नोकरी केली, आणि माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे राजस्थानच्या वाळवंटात नद्या शोधण्यात गेली. लग्न ठरण्यापूर्वी माझ्या सासऱ्यांनी हे ऐकून विचारले होते की मुलगा कायम आहे की रोजंदारीवर.

शोधायच्या त्या नद्या आजच्या नव्हेत. पृथ्वीच्या हवामानात ओले आणि कोरडे काळ आलटून पालटून आले आहेत. आज जेथे वर्षानुवर्षे ढगाची सावली पडत नाही, तेथे फार पूर्वी पावसाळे भरघोस होते आणि नद्या वाहत होत्या. मग पाऊस मागे हटला, नद्या थांबल्या, आणि वाऱ्याने आणलेल्या वाळूने त्यांची पात्रे झाकली. नदी गेली तरी तिचे पात्र खाली तसेच राहते, आणि त्यातल्या जाड वाळूत कधी कधी गोडे पाणी साठून असते. दोन्ही बाजूंना खारट पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची अरुंद पट्टी, अशी ती रचना असते. विहीर पट्टीत लागली तर गाव जगते, पट्टीबाहेर लागली तर गुरेदेखील तोंड लावत नाहीत. म्हणून सरकारला मेलेल्या नद्यांत रस होता.

त्या शोधण्याची रीत सोपी आहे. उपग्रहाच्या चित्रात वाळूखाली एखादी गडद, वळणावळणाची रेघ दिसते. त्या रेघेवर जाऊन उभे राहायचे. खेजडीची झाडे एका ओळीत का उभी आहेत ते पाहायचे. जुन्या विहिरींतून उपसलेल्या मातीत गोल गोटे आहेत का ते पाहायचे. गोटा हा आमचा मुख्य साक्षीदार. वारा वाळू उडवतो, गोटा उडवू शकत नाही. गोटा दुरून आलेला आणि गोल झालेला असेल, तर तो वाहत्या पाण्यानेच आणलेला असतो. उलटतपासणीत असा साक्षीदार कधी फुटत नाही.

वरिष्ठांना मात्र साक्षीदार पुरत नसे. एकदा दिल्लीहून एक सहसचिव पाहणीला आले. जीपमधून उतरले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “नदी दाखवा.” मी सांगितले की साहेब, आपण तिच्या मध्यभागी उभे आहात. त्यांनी एक पाय उचलला, क्षणभर तसाच धरला आणि मग जीपमध्ये जाऊन बसले. अहवालात त्यांनी लिहिले की नदी आढळली नाही. त्या अहवालाला मी दिलेले उत्तर खात्यात बराच काळ वाचले जात होते, असे ऐकतो.

ज्या प्रकरणाविषयी मी लिहितो आहे ते जैसलमेर जिल्ह्यातल्या एका लहान गावाचे. तेथे लाधूराम नावाचा एक मेंढपाळ होता. वयाने माझ्याहून थोडा मोठा, बोलण्यात माझ्याहून बराच थोडका. आमच्या तुकडीचा तंबू त्याच्या खेजडीखाली असे. त्याच्या घराबद्दल एक गोष्ट मला दोनतीन दिवसांतच दिसली. सकाळी विहिरीवर साऱ्या गावच्या बायका घडे भरत, आणि लाधूरामची सून गवरी, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी, घडा घेऊन बाजूला उन्हात उभी असे. सगळ्यांचे झाले की मग ती पुढे होई. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला जाई, त्यामुळे तिच्या घड्यात येई तो बहुतेक गाळ.

कारण विचारले तेव्हा गावच्या पाटीलकीतल्या एका म्हाताऱ्याने ते मला अगदी सहज सांगितले. येथे पूर्वी नदी होती. लाधूरामच्या घराण्यातल्या कोणा पूर्वजाने काठावर आलेल्या एका तहानलेल्या जोग्याला हाकलून दिले. जोग्याने शाप दिला आणि नदी जमिनीत शिरली. तेव्हापासून त्या घराने पाणी शेवटी घ्यायचे. शिक्षा किती पिढ्यांची, असे मी विचारले. म्हातारा म्हणाला, नदी परत येईपर्यंतची.

मी कायदा शिकलेलो नाही. पण कायद्याची चाड माझ्यात जन्मजात आहे, आणि मुदत नसलेली शिक्षा ऐकून माझे पित्त खवळले. मी गावाला जमवून आमचे काम समजावून सांगितले. तुमची गोष्ट एका अर्थी खरी आहे, येथे नदी होती, असे म्हटल्यावर सारे गाव लाधूरामकडे पाहू लागले. म्हणजे मी त्याचा बचाव करायला उठलो आणि सरकारतर्फे आरोप सिद्ध करून बसलो. तेव्हा लाधूराम उभा राहिला. इतक्या वर्षांत तो त्या सभेत बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते.

“साब,” तो म्हणाला, “नदी ही, तो गई कद?”

नदी होती, तर गेली कधी? गाव हसले. मी हसलो नाही, कारण त्याने नेमका मुद्दा पकडला होता. आरोपी गुन्ह्याच्या वेळी तेथे होता की नाही, हा तो मुद्दा. त्याच्या घराण्याच्या पिढ्या भाटाला तोंडपाठ होत्या. नदी त्या घराण्याच्या आधीच गेलेली असेल, तर शाप, जोगी, रांगेतली जागा, सगळेच रद्दबातल. मी तेथे सर्वांसमक्ष सांगितले की ह्याचे उत्तर काढता येते आणि ते मी काढून देईन.

उत्तर काढायची रीत अशी. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला की आसपासच्या मातीतून निघणारे अगदी मंद किरण त्याच्यात साठू लागतात. जितका काळ अंधारात, तितका साठा मोठा. कणावर ऊन पडले की तो साठा पुसला जातो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत त्या कणांवर ठरावीक प्रकाश टाकला की ते स्वतः किंचित उजळतात, आणि त्या उजळण्यावरून ते किती काळ अंधारात होते हे कळते. म्हणजे नदीच्या सर्वात वरच्या थरातली वाळू आणली, तर नदी कधी थांबली ते ती वाळूच सांगते. अट एकच. खड्ड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत तिला उजेड दिसता कामा नये. घटकाभर ऊन लागले, तरी लाखो वर्षांची साक्ष गेली.

गावाजवळ रस्त्याच्या ठेकेदाराने खडीसाठी मोठा खड्डा खणला होता. त्याच्या भिंतीत वर पिवळी वाऱ्याची वाळू आणि खाली राखी, जाडीभरडी नदीची वाळू स्पष्ट दिसत होती. लोखंडी पाइप भिंतीत आडवा ठोकायचा, काळ्या ताडपत्रीखाली ओढून काढायचा, तेथेच दोन्ही तोंडांना झाकणे लावायची, वर काळी चिकटपट्टी, वर काळे प्लास्टिक. दोन्ही टोकांची थोडी वाळू नंतर टाकूनच देतात. महत्त्व असते ते मधल्या वाळूला. वाऱ्याच्या वाळूचे पाइप निघाले, नदीच्या खालच्या थरांचेही निघाले. शेवटचा, नदीच्या माथ्याचा, म्हणजे लाधूरामच्या प्रश्नाचा पाइप ओढत असताना आंधी आली. पाइप निम्मा बाहेर आला होता आणि ताडपत्री माझ्या हातून सुटून उडून गेली.

मी पाइपावर आडवा पडलो. दुसरे काही सुचले नाही. आणि मग माझ्यावर जाड, तेलाचा आणि मेंढ्यांचा वास असलेले कापड येऊन पडले, त्यावर आणखी एक घडी, मग आणखी एक. लाधूरामने डोक्यावरचा साफा सोडून माझ्यावर आणि पाइपावर टाकला होता. त्या अंधारात चाचपडत मी झाकणे बसवली. पाइपाभोवती साफ्याचे वेढे तसेच राहू दिले आणि त्यावरूनच प्लास्टिक गुंडाळले. त्या मुलखात माणूस चारचौघांत साफा उतरवत नाही. लाधूराम उघड्या डोक्याने गावात गेला, तेव्हा कोणी तरी म्हणाले की नदी तर गेलीच होती, आज साफाही गेला.

मी साफा सोडवून देऊ लागलो, तर तो म्हणाला, “राहू द्या. निकाल लागेल तेव्हा परत द्या.”

ह्यानंतर माझी बदली चेन्नईला झाली आणि पाइप माझ्याबरोबर आले. येथील त्या संस्थेत अंधारी खोली होती आणि यंत्र येणार होते. मी पाइप रीतसर जमा केले. प्रत्येकावर इंग्रजीत आणि तमिळमध्ये ठळक अक्षरांत लिहून घेतले की उजेडात उघडू नये. यंत्र आले नाही. मग मंजूर झाले, मग मंजुरी रद्द झाली, मग आलेले यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीची फाइल फिरत राहिली. दर वर्षी मी पत्र लिहीत असे. मी सेवानिवृत्त झालो आणि पत्रे घरून जाऊ लागली. दरम्यान त्या खड्ड्याच्या जागी सौरऊर्जेचा प्रकल्प आला. खड्डा बुजवून, सपाट करून वर काचेची तावदाने मांडली गेली. म्हणजे तशी वाळू पुन्हा आणणे नाही. जे होते ते त्या पाइपांत होते.

लाधूरामच्या घरी मी वर्षातून एकदोनदा फोन करीत असे. फोन गवरी घेते. ती आता सासू झाली आहे आणि मोकळेपणाने बोलते. विहीर जाऊन गावात टँकर आला, पण रांग तीच राहिली. आता त्या घरची नातसून शेवटी उभी असते. लाधूरामचे कान गेले, प्रश्न गेला नाही. दर वेळी मागून त्याचा आवाज येई आणि गवरी म्हणे, “बा विचारतात, कद?”

ह्या वर्षी नवे यंत्र खरोखर आले, आणि प्रयोगशाळेची जबाबदारी वसंती नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाईंकडे आली. बाई मयिलापूरच्या, हुशार, आणि माझी सगळी पत्रे वाचलेल्या. त्यांनी मला फोन करून सांगितले की सर, तुमचे पाइप पहिले. मी पुढचे दोन दिवस शेजाऱ्यांशी अत्यंत सौजन्याने वागलो. तिसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. त्या गोदामात गेल्या होत्या. गोदाम रिकामे होते.

भांडार अधिकाऱ्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि कापी, म्हणजे येथली कॉफी, मागवली. मी ती घेतली नाही. आता वाटते घ्यायला हवी होती, वास उत्तम होता. मी विचारले की पाइपावर उजेडात उघडू नये असे लिहिलेले असताना तो खिडकीशी का नेला.

“सर, प्रत्यक्ष पडताळणी होती,” ते शांतपणे म्हणाले. “अंधारात पडताळणी कशी करणार?”

“मग उजेडात काय दिसले?”

“माती, सर.”

“मग यादीत रिकामे पाइप असे का लिहिले?”

“पाइपासाठी रकाना आहे, सर. मातीसाठी नाही.”

मी आयुष्यभर नियमांच्या बाजूने लढलो आहे. त्या दिवशी मला नियमानेच मारले. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिची नोंद करू नये, हा नियम उत्तम आहे, मी स्वतः तो अनेकांना ऐकवला आहे. फक्त डोळ्यांनी पाहिल्यावर जी नष्ट होते अशी वस्तू जगात असू शकते, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. पाइप कोणी घेतले हे त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्या पक्षाची माहिती देता येत नाही, म्हणे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, अपील केले, आणि एवढेच हाती आले की खरेदीदार जॉर्ज टाउनचा आहे.

आडी महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी मी बसने जॉर्ज टाउनला गेलो. देवीच्या देवळांपुढे गर्दी होती, हातगाड्या अडकल्या होत्या. जुन्या लोखंडाच्या दुकानांची गल्ली मला ठाऊक होती, दुकान नव्हते. माझी कल्पना अशी की पाइप केव्हाच कापले गेले असतील, वाळू गटारात गेली असेल, आणि मला फक्त खात्री करून घेऊन परत यायचे आहे. पहिल्याच दुकानात मी विचारले की वाळू भरलेले पाइप कोणी घेतले. दुकानदार हसू लागला. त्याने शेजाऱ्याला सांगितले, तोही हसला. साऱ्या गल्लीला ते पाइप माहीत होते. होळीपासून भँवरलाल दुसरे काही बोलतच नाही, असे ते म्हणाले.

भँवरलाल गल्लीच्या टोकाला बसत. पन्नाशीचे, ह्याच शहरात जन्मलेले, गिऱ्हाइकांशी तमिळ आणि माझ्यासारख्यांशी हिंदी बोलणारे मारवाडी गृहस्थ. मी संस्थेचे नाव उच्चारताच त्यांनी भडिमार सुरू केला. यादीत लिहिले रिकामे पाइप, वजनकाट्यावर आले भरलेले, माती लोखंडाच्या भावाने गळ्यात मारली, तीन अर्ज केले, उत्तर एका ओळीचे. त्यांनी ते उत्तर मला दाखवले. त्यांच्या अर्जाचीही नोंद घेण्यात आली होती.

“तुम्ही संस्थेकडून आलात ना?” त्यांनी विचारले.

“नाही. मी संस्थेविरुद्ध आलो आहे.”

त्यांनी आतून चांगली खुर्ची मागवली. “सार, उक्कारुंगो,” म्हणाले, म्हणजे बसा, आणि नोकराला ताक आणायला पाठवले.

मी खाली मान घालून विचारले की पाइपांचे पुढे काय केले. ते जवळजवळ दुखावले. म्हणाले, “काय करणार? प्रकरण चालू आहे. कापले तर उद्या तेच म्हणतील, माती तुम्हीच भरली. पुरावा आहे तो. जसा आला तसा मागे पडला आहे.”

मी जन्मात पुष्कळ दस्तऐवज वाचले, पुष्कळ निवाडे ऐकले. ‘पुरावा आहे तो’ ह्या शब्दांनी जितके समाधान झाले तितके कशाने झालेले नाही.

पण समितीने उघडलेला पाइप कोणता होता? तो त्यांनी पुढे आणला. वरचे प्लास्टिक, पट्टी, कापड असल्यास कापड, सगळे समितीने काढून टाकले होते, वाळू ओतून पाहून पुन्हा आत भरली होती, आणि रंगाने लिहिलेली खूण ओरखड्यांत गेली होती. तो लाधूरामचा असेल तर बाकीचे असून नसून सारखे. मी त्यातली चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि अंगठ्याने घासली. भँवरलाल पाहत होते. नदीची वाळू बोटांना भरड लागते, लहानमोठी असते, तिच्यात अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे असतात. वाऱ्याची वाळू चाळून घेतल्यासारखी, बारीक आणि एकसारखी. मी पुन्हा घासली. दाराशी उजेडात नेऊन पाहिली. बारीक, एकसारखी, अभ्रकाचा एक कण नाही. वरच्या टेकाडाची, वाऱ्याची वाळू होती ती. समितीने इतक्या पाइपांतून नेमका असा निवडला होता की ज्याच्या जाण्याने निकाल अडत नव्हता. मी खुर्चीवर परत बसलो ते जरा जोरातच बसलो. भँवरलालना वाटले मला घेरी आली.

ताक पिऊन झाल्यावर ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. गोणपाटांखाली बाकीचे पाइप नीट रचून ठेवले होते. सर्वात वरच्याचे काळे प्लास्टिक एका टोकाला फाटले होते आणि आतून विटलेले तांबडे कापड दिसत होते.

“हे मला विचारायचेच होते,” ते म्हणाले. “मी आमचा मुलूख पाहिलेला नाही. पण माझे आजोबा ह्याच गल्लीत मरेपर्यंत रोज असा साफा बांधत होते. माणसांना सांगून ठेवले, बाकी काही झाले तरी ह्याला पाते लावायचे नाही. साफा भंगाराला कोण गुंडाळतो?”

मी सर्व सांगितले. जोगी, शाप, रांग, आंधी. ते मध्येच एकदा हसले, म्हणाले की प्रत्येक गावाला एक असे घर लागतेच.  शेवटी विचारले, “मग नदी गेली कधी?”

मी म्हटले, ते ह्या साफ्याच्या आत आहे.

कायद्याने पाइप त्यांचे होते, आणि मी ते मान्य केले. आम्ही तेथेच ठरवले: लोखंड त्यांचे, वाळू देशाची. वाळू काढून घेतल्यावर पाइप परत करायचे. मोबदल्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. नदी कधी गेली ते लेखी, संस्थेच्या कागदावर. असा गृहस्थ मला तरुणपणी भेटता, तर मी काय काय दाखल केले असते.

अंधाऱ्या खोलीत वसंतीबाईंनी मला कोपऱ्यात बसवले आणि हात खिशात ठेवायला सांगितले. मंद तांबड्या दिव्यात त्यांनी साफा सोडवला, झाकण काढले, टोकाची वाळू बाजूला केली आणि मधली वाळू एका बशीत घेतली. मी आयुष्यभर जिच्या मागे होतो ती नदी तेथे बशीत पडली होती आणि मला ती नीट दिसतही नव्हती. ते योग्यच होते. पाइप रिकामे झाल्यावर भँवरलालना पोचवण्यात आले. अशा रीतीने यादीत लिहिल्याप्रमाणे रिकामे पाइप त्यांना अखेर मिळाले आणि त्यांची तक्रार निकाली निघाली.

मोजणीला काही आठवडे लागले. एका संध्याकाळी वसंतीबाई आमच्या घरी आल्या. मालतीने दिलेले पाणी पूर्ण प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सर, तुमचा आरोपी सुटला.”

आकडा त्यांनी मला सांगितला. मी तो येथे छापणार नाही. तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार संस्थेचा आहे आणि अधिकार मी मोडत नसतो. पण एवढे म्हणण्यास हरकत नसावी की ती नदी थांबली तेव्हा ते गाव नव्हते, ती विहीर नव्हती, शेती नावाची गोष्ट अजून कोणाला सुचलेली नव्हती. शाप द्यायला जोगी नव्हता आणि त्याला हाकलायला दार नव्हते. पाऊस हटला, म्हणून नदी गेली. कोणाचाही दोष नाही.

मी गवरीला फोन केला. तिने ऐकून घेतले आणि म्हाताऱ्याच्या कानात ओरडून सांगितले.  मग त्याचे काही शब्द, आणि मग गवरी म्हणाली, “बा विचारतात, कागद आहे का?”

माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी नमूद करतो. तो बरोबर होता. आरोप चारचौघांत झाला होता. सुटका फोनवर होत नाही.

कागद का नाही, हे आता सांगतो. वसंतीबाईंचा अहवाल तयार आहे आणि तो संचालकांच्या टेबलावर आहे. तो मंजूर झाला तर त्यात असे म्हणावे लागेल की वाळू अमुक पाइपांतून घेतली. आणि तेच पाइप संस्थेच्या यादीत रिकामे म्हणून विकले गेले आहेत. म्हणून अहवाल विचाराधीन आहे.

तेव्हा संचालक महोदय, ह्या अंकातून मी आपल्याला एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर खाजगी पत्राने नव्हे, जाहीरपणे मागतो. ते पाइप रिकामे होते की नव्हते? रिकामे होते, तर आपल्याच यंत्राने आपल्याच खोलीत कशाचे वय मोजले ते सांगा. रिकामे नव्हते, तर यादीची एक ओळ दुरुस्त करा आणि अहवाल प्रसिद्ध करा. एक प्रत जॉर्ज टाउनला भँवरलालना पाठवा. दुसरी त्या गावाच्या पंचायतीला पाठवा, आणि ती चारचौघांत मोठ्याने वाचली जाईल, कोणीतरी लाधूरामच्या कानाशी बसून वाचेल, असे पाहा.

साफा मालतीने धुतला आहे. इस्त्री करून, घडी घालून तो माझ्या टेबलावर ठेवला आहे. पार्सलवर पत्ता लिहून झाला आहे. तो आपल्या कागदासोबतच जाईल. तोपर्यंत त्या घरची नातसून रोज टँकरपाशी शेवटी उभी आहे, आणि आजपासून तिला तेथे उभी ठेवणारे आपण आहात.